आता हजेरी आपली

फलटण तालुक्यातल्या कोणत्याही गावची जत्रा डोळ्यांपुढे आणा. रात्री देवाचा छबिना निघतो, गुलाल-खोबरे उधळले जाते, पालखी देवळात परतते आणि मग गावाचे पाय तंबूकडे वळतात. पहाटेपर्यंत तमाशा. उन्हे वर आली की ढोलकी पुन्हा कडाडते, ती हजेरीची. रात्रभर नाचलेल्या, गायलेल्या बाया तोंडावर पाणी मारून परत गावकीपुढे उभ्या राहतात. घसा बसलेला असतो, पाय सुजलेले असतात. पण हजेरी चुकत नाही.

लहानपणी अशाच एका हजेरीच्या सकाळी फडातली एक बाई आमच्या दारात पाणी मागायला आली. आजीने तांब्या भरून दिला. हातात दिला नाही, ओट्याच्या पायरीवर ठेवला. बाईने वरून पाणी ओतून घेत ते प्यायले, तांब्या मातीने घासला, विसळला, उपडा ठेवला आणि गेली. मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. आदल्या रात्री आमचे आजोबा पहिल्या रांगेत होते आणि दौलतजादाची नोट त्यांनी त्याच बाईच्या हातात दिली होती. नोट हातात चालते, तांब्या चालत नाही, हा धर्म मी त्या दिवशी शिकलो. कुणी शिकवला नाही. घरात बघून शिकलो.

मराठीत ‘हजेरी देणे’ वेगळे आणि ‘हजेरी घेणे’ वेगळे. या बायांनी पिढ्यान् पिढ्या हजेरी दिली. आता आपली घ्यायची वेळ झाली आहे.

फलटणहून वाई फार लांब नाही. एकाच सातारा जिल्ह्यातली ही दोन गावे. एक पूर्वीचे नाईक निंबाळकरांचे संस्थान, दुसरे दक्षिण काशी म्हणून मिरवणारे. वाईला कृष्णेचे घाट आहेत, ढोल्या गणपती आहे, प्राज्ञपाठशाळा आहे, मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे. महाराष्ट्राला शहाणे करायला निघालेल्या या गावाच्या रस्त्यांवर शंभर वर्षांपूर्वी एक कोल्हाट्याची पोर आईबरोबर गात-नाचत भिक्षा मागत फिरत होती. ३१ डिसेंबर १९१५ हा तिचा जन्मदिवस, यमुना हे नाव. आई गायची आणि पोर ते उचलायची. गावातल्या वाड्यांत मुलगे गुरूपुढे बसून संथा घेत होते. हिची संथा धुळीत, लोकांच्या नजरांत आणि पोटातल्या भुकेत चालली होती.

तीच पुढे लावणीसम्राज्ञी यमुनाबाई वाईकर झाली. फडात वाढली, मुंबईला गेली, तिथेही आधी रस्त्यावर गायली आणि मग बैठकीत पोचली. लावणीबरोबर ठुमरी, गझल, तराणा शिकली. जागचे न हलता, नुसत्या डोळ्याने, भुवईने, बोटाच्या पेराने एकाच ओळीचे दहा अर्थ दाखवायचे, ही बैठकीच्या लावणीची अदा. ती यमुनाबाईंच्या अंगात इतकी मुरली होती की दिल्लीत पंडित बिरजू महाराजांसारख्या कथकच्या सम्राटाबरोबर त्यांनी आपली कला मांडली. संगीत नाटक अकादमीने त्यांना गौरवले. २०१२ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांचे वय ९६ होते. १५ मे २०१८ रोजी, वयाच्या १०२ व्या वर्षी त्या गेल्या.

शहाण्णव! ज्या वयात माणसाला दुसऱ्याचा हात धरून उठावे लागते, त्या वयात राष्ट्राने यमुनाबाईंना उठून उभे राहायला सांगितले. सरकार उशीर करते, हे काही नवे नाही. पण सरकारच्या आधी आपण कुठे होतो? आपण तर तिथेच होतो, पहिल्या रांगेत. ऐकत होतो, डोलत होतो, नोटा लावत होतो आणि घरी येऊन पायरीवर तांब्या ठेवत होतो.

एक गोष्ट कुणाच्या ध्यानात येते का, पाहा. वाईकर, सातारकर, नारायणगावकर, संगमनेरकर, हिवरगावकर ही या कलावतींची आडनावे. ज्या गावाने घराच्या उंबऱ्याच्या आत घेतले नाही, त्या गावाचे नाव यांनी कपाळावर कुंकवासारखे लावले आणि महाराष्ट्रभर गाजवले. गावाने त्यांना काय दिले? वेशीबाहेरची जागा.

यमुनेच्या जन्माआधी दहा-बारा वर्षे, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, चॅटनुगा नावाच्या गावी आणखी एक पोर रस्त्यावर गात होती. आईबाप लहानपणीच गेलेले, भाऊ गिटार वाजवायचा, ही गायची, आणि येणारे-जाणारे नाणी टाकायचे. बेसी स्मिथ हे तिचे नाव, १८९४ चा तिचा जन्म. ती ज्या गाण्यांनी पुढे गाजली त्यांना ‘ब्लूज’ म्हणतात. गुलामांच्या पोरा-नातवंडांनी कापसाच्या शेतात, नदीच्या बंधाऱ्यांवर, रेल्वेच्या रुळांवर घाम गाळता गाळता घडवलेले ते गाणे. त्यात पूर आहे, तुरुंग आहे, दारू आहे, नवऱ्याचा मार आहे आणि बाईच्या देहाची ओढही आहे, कसलाही आडपडदा न ठेवता. चर्चला जाणारी सभ्य माणसे, गोरी तर सोडाच, काळीसुद्धा, त्याला सैतानाचे गाणे म्हणत. लावणीच्या वाट्याला याहून वेगळे काय आले?

१९२३ साली कोलंबिया कंपनीने बेसीची पहिली तबकडी काढली. ती काही महिन्यांत लाखांनी खपली. कंपनीने बेसीच्या हातावर एका बाजूमागे ठरलेली रक्कम ठेवली. खपातला हिस्सा दिला नाही. गळा तिचा, दुःख तिचे, भांडार मात्र कंपनीचे. हेही आपल्याला ओळखीचे वाटले पाहिजे. आपल्याकडे तबकडीची कंपनी नव्हती तेव्हा फडाचा मालक होता, उचल देणारा सावकार होता. उचल म्हणजे हंगामाआधी हातात पडणारी रक्कम आणि हंगामभर मानेवर बसणारा दोर.

आता आपल्यातले सज्जन पुढे येतील. ते म्हणतील, “अहो, पण त्या आपल्या खुशीने नाचतात. त्यांच्या समाजाची ती रीतच आहे.”

रीत! ही रीत काय होती ते एकदा नीट ऐका. कोल्हाट्याच्या घरी मुलगी झाली की आनंद, कारण तीच घर पोसणार. वयात येताना तिच्यापुढे दोन वाटा असायच्या: लग्न, नाहीतर पायांत चाळ. चाळ बांधले की लग्न नाही. मग जो अधिक पैसे मोजेल त्या ‘मालका’शी तिची गाठ घालून द्यायची. या विधीला ‘चिरा उतरणे’ असे गोंडस नाव होते. ती मिळवणार, भाऊ बसून खाणार, भावाच्या बायकोने मात्र घराबाहेर पाऊल टाकायचे नाही, कारण ती घरची इज्जत. बहिणीने चाळ बांधायचे, म्हणजे भावजयीला गरती राहता येईल. हा अन्याय त्या समाजातल्या पुरुषांनी आपल्याच लेकींवर केला, हे खरे आहे. ते झाकण्याचे काहीच कारण नाही.

पण पैसे मोजणारा मालक कोण होता? कोल्हाट्यांच्या पालात एवढा पैसा कधी नव्हता. तो वाड्यांतून आला, पेढ्यांतून आला, पाटीलक्यांतून आला; कालव्याचे पाणी रानात खेळू लागल्यावर उसातून आला. बोली लावणारे हात आपल्याच घरातले होते. त्या हातांवर सकाळी देवपूजेचे गंध असायचे. आपण त्या माणसाला ‘शौकीन’ म्हटले आणि तिला ‘नाचणारी’. त्याच्यापाशी ती हौस, तिच्यापाशी तो धंदा. सौदा एकच, पण भाषेने त्याला सोडवले आणि तिला अडकवले. आणि वर म्हणायचे काय, तर ही त्यांची रीत!

याच अन्यायाचे दुसरे टोक पाहायला आजच्या सांगली जिल्ह्यात जाऊ. वाळवे तालुक्यातले रेठरे हरणाक्ष हे गाव. तिथला श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६. तमाशाच्या नादाने त्याने कुळकर्णीपण सोडले, सोवळे सोडले आणि तो शाहीर पठ्ठे बापूराव झाला. त्याच्या फडात संगमनेरजवळच्या हिवरगावची पवळा आली. महार समाजातली पवळा, तमाशाच्या बोर्डावर उभ्या राहिलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. तोवर बाईचे सोंग पोऱ्याच करायचा. पवळेने ते बाईचे काम बाईच्या हाती आणले. बापूरावांचे शब्द आणि पवळेचा गळा यांनी मुंबई वेडी केली.

आज आपण बापूरावांविषयी काय बोलतो? “ब्राह्मणाच्या पोटी जन्मून केवढा त्याग केला!” आणि पवळेविषयी? “फार देखणी होती म्हणे.” बापूरावांनी जात सोडली त्याचा हिशेब आपण आणा-पैशांत ठेवला. पवळेने काय काय सोडले याची एक ओळ आपल्या वहीत नाही. का नाही? कारण तिच्यापाशी सोडण्यासारखे काही होते, हेच आपल्याला कबूल नाही. वरून खाली उतरला तो त्यागी. आणि खालचीने वर पाहिले तर ती नशीबवान. जातीच्या शिडीवर बसून माणसे मोजली की असे माप निघते.

बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न महाडच्या लढ्याला देऊ केले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारले, अशी हकीकत सांगितली जाते. आमच्या समाजाच्या बायांना नाचवून मिळवलेला पैसा या कामाला नको, अशी त्यामागची भूमिका. त्या नकारातून आपण सोयीचा तेवढा धडा घेतला: नाच वाईट. नाचवणे वाईट, हा अर्धा धडा सोडून दिला. नाचणे थांबवायला आपण धावलो. नाचवणाऱ्याच्या खांद्यावर मात्र आपण हात ठेवून उभे होतो.

आणि इथे सुधारकांचीही हजेरी घेतली पाहिजे. ती टाळली तर हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही. सातारा जिल्हा सत्यशोधकांचा. इथल्या जलशांनी तमाशाचीच ढोलकी घेतली, तमाशाचाच बाज घेतला आणि भटशाही, सावकारशाही यांच्यावर कोरडे ओढले. फार मोठे काम झाले. पण बोर्डावरची बाई तिथे दिसेनाशी झाली. ढाचा घेतला आणि जिने तो पायांनी झिजवला होता तिला बाजूला ठेवले. ती ‘बिघडलेली’ म्हणून चळवळीच्या कामाची नव्हती. स्त्रीच्या मुक्तीची पदे पुरुषांनी म्हटली आणि आपण त्याला प्रबोधन म्हणालो.

स्वातंत्र्य मिळाले आणि खेर मंत्रिमंडळाच्या काळात तमाशावर बंदी आली. कारण काय, तर तो अश्लील. पुढे बंदी उठली, पण अटी लागल्या; वगाची संहिता तपासून घेणे आले. लावणीतला शब्द तपासला गेला, बाईचा पदर तपासला गेला. पहिल्या रांगेतली नजर आणि तिथल्या हातातली नोट कोणत्या समितीने तपासली? मग शिकल्यासवरल्यांनी ‘लोकनाट्य’ नावाने तमाशा धुऊन, इस्त्री करून घेतला आणि तो शहरी नाट्यगृहांत नेला. सिनेमानेही लावणी उचलली. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ने विक्रम केले. १९७२ च्या ‘पिंजरा’ने घराघरांत गाणी पोचवली, त्यात आदर्श मास्तर तमाशातल्या बाईपायी रसातळाला जातो. पाहा, पडद्यावरसुद्धा बिघडवणारी तीच! मास्तर स्वतःच्या पायांनी तंबूत गेला, हे विसरायला आपल्याला तीन तास आणि एक तिकीट पुरले.

आता विठाबाई. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म १९३५, पंढरपूरचा, म्हणून नाव विठा. आजोबांपासून फडाचे घराणे. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते पदके. तिची एक गोष्ट महाराष्ट्रात माहीत नाही असा माणूस विरळा. दिवस भरलेले असताना ती बोर्डावर नाचत होती. कळा सुरू झाल्या. ती आत गेली, बाळंत झाली, दगडाने नाळ ठेचून तोडली, लुगडे आवळले आणि परत नाचायला उभी राहिली. तिचे पोट सपाट झालेले पाहून लोकांच्या लक्षात आले आणि त्यांनीच खेळ थांबवायला लावला.

ही गोष्ट आपण कशी सांगतो? छाती फुगवून. भाषणांत, शाळांत, गणपतीच्या मांडवात: “काय ती कलेवरची निष्ठा!”

लाज वाटत नाही आपल्याला? ज्या लेकीला बाळंतपणासाठी आपण आधीच माहेरी आणतो, डिंकाचे लाडू करतो, शेक-शेगडी करतो, तिच्याविषयी अशी गोष्ट अभिमानाने सांगू का? दिवस भरलेल्या बाईला तिथे उभे राहावे का लागले, हा प्रश्न त्या गोष्टीतून कुणी काढून टाकला? ती नाचली नसती तर फडातल्या पोटांना त्या रात्री भाकरी नव्हती. बाळंतपणाची रजा नव्हती, सुईण नव्हती, दवाखाना नव्हता. एक धड कात्रीसुद्धा नव्हती. असे असताना आपण त्याला निष्ठा म्हणतो, कारण निष्ठा म्हटले की आपली जबाबदारी संपते. प्रेक्षकांनी खेळ थांबवला, हे त्यांचे माणूसपण. ते मी नाकारत नाही. पण दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी खेळ होताच.

बेसी स्मिथच्या मरणाचीही अशीच एक गोष्ट झाली. १९३७ च्या सप्टेंबरात मिसिसिपीतल्या रस्त्यावर तिच्या मोटारीला अपघात झाला. गोऱ्यांच्या इस्पितळाने तिला दारातून परत पाठवले आणि ती रक्तस्रावाने गेली, अशी वार्ता पसरली. त्यावर नाटक निघाले, लोक हळहळले. पुढे शोध घेतला तेव्हा कळले, तिला गोऱ्यांच्या इस्पितळात नेलेच नव्हते. थेट काळ्यांच्या इस्पितळात नेले होते. काही जणांना हायसे वाटले, म्हणजे कुणी हाकलले नाही तर! पण नीट विचार करा. काळ्या बाईला गोऱ्यांच्या दारात न्यायचे असते, हे तिथल्या कुणाच्या मनातही येऊ शकत नव्हते. हाकलण्याचे कष्टच पडू नयेत इतकी ती व्यवस्था पक्की होती. आमच्या पायरीवरचा तांब्याही असाच. त्या बाईला “आत येऊ नकोस” असे आजी म्हणाली नाही. म्हणावे लागलेच नाही.

बेसीच्या अंत्ययात्रेला हजारो लोटले. थडग्यावर मात्र नावाचा दगड नव्हता. १९३७ पासून १९७० पर्यंत नव्हता. शेवटी दोघींनी मिळून तो बसवला. एक जॅनिस जॉप्लिन, बेसीचे गाणे ऐकून मोठी झालेली गोरी गायिका; दुसरी वानिता ग्रीन, जी लहानपणी बेसीच्या घरी कामाला जायची. तबकड्या विकणारी कंपनी दगडापर्यंत पोचली नाही; ऐकणारी आणि राबणारी पोचली. आपल्याकडे विठाबाईंचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या. त्यानंतर चार वर्षांनी त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. जिच्या औषधपाण्याची सोय झाली नाही, तिच्या नावाने आता दरवर्षी शाल-श्रीफळ दिले जाते. पुरस्कार मिळणारी म्हातारी तो हसून घेते. तिलाही माहीत असते की आपल्या नावाचा पुरस्कार निघायचा तर आधी आपल्याला जावे लागेल.

आषाढात ज्ञानोबांची पालखी फलटणला मुक्कामाला येते. विमानतळाच्या माळावर तळ पडतो. सगळे गाव भाकरी, पिठले, पाणी घेऊन धावते, अनोळखी वारकऱ्याचे पाय चेपते. हेच आपले खरे रूप आहे, असे मला मनापासून वाटते. त्या दिंड्यांत कान्होपात्रेचे अभंग म्हटले जातात. कान्होपात्रा कोण? मंगळवेढ्याच्या एका गणिकेची लेक. बादशहाने बोलावले तेव्हा तिने पंढरीत विठ्ठलाच्या पायी देह ठेवला, असे संतचरित्रे सांगतात. आपण तिला संत केले. पण संत करण्यासाठी आधी ती मरावी लागली. जगली असती तर? तर ती नाचली असती आणि आपण तांब्या पायरीवर ठेवला असता. तिच्याच वंशातल्या बाया हंगाम संपवून या वाटेने परततात, तेव्हा त्यांना पिठले कोण देतो?

आणि त्यांच्या लेकरांचे काय? शाळेच्या दाखल्यावर ‘वडिलांचे नाव’ या रकान्यापाशी या पोरांचे बालपण अडखळत आले आहे. किशोर शांताबाई काळे या कोल्हाटी आईच्या मुलाने डॉक्टर होऊन १९९४ साली ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहिले. स्वतःच्या नावात बापाच्या जागी आईचे नाव ठेवले. आपण पुस्तक वाचले, हळहळलो, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत पुन्हा विचारले: “बापाचे नाव?” महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव सक्तीचे केले, तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली: केवढे पुरोगामी पाऊल! पाऊल चांगलेच आहे. पण कोल्हाट्याची पोरे हे पाऊल कित्येक पिढ्यांपूर्वी टाकून बसली होती. तेव्हा आपण त्याला शिवी म्हणायचो.

आज लावणीला बरे दिवस आले आहेत, असे सांगतात. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात डॉक्टर-वकिलांच्या मुली नऊवारी नेसून लावणी करतात, ढाल मिळते, आईबाप मोबाईलवर चित्रीकरण करतात. छान आहे. कलेला जात नसावीच. पण तीच लावणी करणाऱ्या कलाकेंद्रातल्या मुलीला भाड्याने खोली मिळत नाही. पाय तेच, ताल तोच, गाणेही तेच. मग एकीला ढाल आणि दुसरीला टोमणा कशामुळे? उत्तर नाचात नाही. ते जन्मात आहे. म्हणजेच आपला आक्षेप अश्लीलतेला कधीच नव्हता.

“पण कला टिकली पाहिजे ना हो!” हा शेवटचा कैवार. तो घेणाऱ्याला मी एकच विचारतो: कुणाच्या लेकीच्या जिवावर? लग्न न करण्याची, घर न मिळण्याची, म्हातारपणी हात पसरण्याची अट ज्या कलेला चिकटली, ती अट टिकवून कला टिकवायची असेल तर तुमची लेक पाठवा. नसेल पाठवायची, तर ‘परंपरा लोप पावते आहे’ म्हणून गळा काढू नका. चाळ सोडून नर्स व्हायला, पोलीस व्हायला, शिक्षिका व्हायला निघालेली कोल्हाट्याची पोर परंपरा बुडवत नाही. ती आपल्याला एका पापातून मोकळे करते आहे. आणि जिला नाचायचेच आहे, जिच्या रक्तात ढोलकी आहे, तिला पगार द्या, विमा द्या, बाळंतपणाची रजा द्या, म्हातारपणी वेळेवर मानधन द्या. यमुनाबाईंची अदा शिकवायला विद्यापीठात आसन द्या आणि त्या आसनावर वाईच्या रस्त्यावरून आलेली बाई बसवा, तिच्यावर प्रबंध लिहिणारा नव्हे.

एवढे सगळे सरकारने करावे, हे झालेच. गावाने काय करावे? फार थोडे. यंदाच्या जत्रेची वर्गणी ठरवताना पंचांनी एक रकाना वाढवावा: फडातल्या बायांसाठी कुलूप लागणारी खोली, दार असलेले न्हाणीघर, दिव्याची सोय, प्यायचे पाणी. आजवर त्या कनातीच्या आडोशाला कपडे बदलत आल्या आणि गावची टगी पोरे कनातीला भोके पाडत आली. त्या पोरांची नावे गावाला ठाऊक असतात. देवाच्या मानपानाचा खर्च वहीत मांडतो तसा हा मांडावा. फडाबरोबर आलेल्या पोरांना जवळच्या शाळेत बसू द्यावे आणि मास्तरांनी नाव विचारताना आईच्या नावावर थांबावे. तंबूत हुल्लड करणाऱ्याला पोलिसाने बाहेर काढण्याआधी त्याच्या बापाने काढावे. हे करायला कोणतीही समिती लागत नाही.

मी काय केले, असे कुणी विचारले तर सांगण्यासारखे थोडेच आहे. आजी गेली, आजोबा गेले, ती पायरी गावी अजून आहे. मागच्या जत्रेत हजेरीच्या सकाळी मी फडाच्या राहुटीशी जाऊन एका वयस्क बाईला म्हणालो, “ताई, घरी चला, चहा घ्या.” ती माझ्याकडे बघत राहिली. मग विचारले, “बोर्डावर काय चुकलं का?” घरी बोलावणे म्हणजे जाब विचारणे, असेच तिला आयुष्यभर अनुभवाने शिकवले होते. आली नाही ती. म्हणाली, “हजेरीला उशीर होईल, दादा.”

तिचे बरोबर होते. हजेरीला उशीर होतो आहे, पण तिला नाही, आपल्याला. पुढच्या जत्रेत सकाळी ढोलकी वाजेल, तेव्हा त्यांनी बसावे आणि उभे आपण राहावे.